हदगावचं लाकूड

भूकंपानंतर माझी बायको स्लॅबखाली झोपली नाही. नांदेडला मी दुमजली घर बांधलं, वास्तुशांत केली, दोनशे माणसं जेवायला बोलावली. ती मात्र तीस वर्षं पुढच्या ओसरीत पत्र्याखालीच अंथरूण टाकत राहिली. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. लग्नाला वर्ष झालं होतं आणि ती गणपतीला माहेरी गेली होती. आई आणि धाकटा भाऊ माळवदाखाली गेले. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर हातभर पांढरी माती. ही अंगणात झोपली होती, म्हणून उरली.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिला न्यूमोनिया झाला. पुढची थंडी हिने बाहेर काढली तर भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वर हलकं असंल तर झोपते," म्हणाली.

तिने माझ्याकडे तोंडाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

नांदेडला वेगळ्या खोलीपुरतं अंगण उरलेलं नाही, पण निलंग्याकडे माळावर माझी थोडी जमीन आहे. विजेचा खांब तिथून लांब, नळ तर नाहीच. कुणाच्या दारात जायचं नाही, सगळं आपलं आपण करू, असं ठरवून मी कॅलेंडरच्या पाठीवर खोली काढायला बसलो. मी जुन्या लाकडाचा व्यापारी. आजवर दुसऱ्यांची घरं उतरवली होती, असली लाकडाची खोली आखायची पहिलीच वेळ. बारा बाय चौदा. भिंतींना दुहेरी फळ्या, मध्ये चुना मिसळलेला लाकडाचा भुसा, म्हणजे आत थंडी येणार नाही आणि वाळवीही लागणार नाही.

तिच्या अटी एकेक करून येत गेल्या. दार बाहेर उघडलं पाहिजे आणि आतून कडी नको. छपरावर काहीही ठेवायचं नाही. सोलारवाला म्हणाला, प्लेटा छतावरच बसवतात. मी त्याच्याशी दोन तास भांडलो आणि प्लेटा दक्षिणेला जमिनीवर लोखंडी घोडीवर बसवून घेतल्या. पावसाचं पाणी साठवायची टाकीही वर न ठेवता जमिनीत पुरली, वर हातपंप लावला. पत्रा पडला तर एका माणसाला उचलता आला पाहिजे, असंही ती म्हणाली. मी हसलो. मग पातळ पत्रा आणला. खिडकी उशाशी नको, पायथ्याशी हवी, उठल्याबरोबर माळावरची चिंच दिसली पाहिजे, हे सांगताना पहिल्यांदा तिच्या तोंडून 'माझी खोली' असं आलं.

राहिलं लाकूड. माझ्या गोदामात सागाच्या काही तुळया होत्या. सरळ, धुराने काळ्या पडलेल्या, कुठे चीर नाही. कितीतरी गिऱ्हाइकं आली, मी दिल्या नाहीत. नवीन झाड तोडायला नको आणि माझ्याकडचा सगळ्यात चांगला माल तिच्या डोक्यावर असावा, असं मनात होतं.

त्या तुळया कुठल्या, हे इथेच सांगतो. भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांतल्या ढिगाऱ्यांतून लाकूड निघालं. लोकांना ते डोळ्यासमोर नको होतं. मी पडेल भावात टेम्पो भरले आणि माझा धंदा त्यावर उभा राहिला. गिऱ्हाइकाला सांगायचो, हदगावचा माल आहे, कारण तिकडे भूकंपात घरं पडली नव्हती. बायकोलाही तेच सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं की माझ्याही डोक्यात ते लाकूड हदगावचं होऊन बसलं.

नांदेडचा म्हातारा मिस्त्री तेव्हा माझ्याबरोबर होता. त्या तुळया त्यानेच माझ्यासोबत ओढून काढल्या होत्या. खोलीचं कामही त्यालाच दिलं. तुळयांवर हात फिरवून तो म्हणाला, "शेठ, हे राहू द्या. कडुलिंबाचं नवं घेऊ. भाभींसाठी हाय ना?"

मला वाटलं, याने आरा मशीनवाल्याशी साटंलोटं केलंय. माझ्याशी कोणी काही बोललं की त्याच्या मागे काय आहे ते मी आधी बघतो. मी त्याला विचारलं, "तुझे किती सुटतात त्यात?" तो रंधा चालवायला लागला. मी जिंकलो, असं मला वाटलं.

दसऱ्याच्या आधी बायकोला तिथे घेऊन गेलो. तिने दार ढकललं, ते बाहेर उघडलं. हातपंप मारून पाहिला. खिडकीत उभी राहिली. तिला आवडलं होतं, मी पाहत होतो. मग तिने वर पाहिलं. तुळईला पाळण्याची जुनी कडी होती. स्टुलावर चढून तिने कडीच्या बुडाशी नखाने खरवडलं. बोटावर पांढरी माती आली.

"कुठलं हाय हे?"

"हदगावचं," मी म्हणालो. विचार न करता, गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

ती खाली उतरली. बोट पदराला पुसलं नाही, तसंच धरून ठेवलं. "हे एकदा पडलेलं हाय," म्हणाली आणि बाहेर जाऊन चिंचेखाली बसली. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली की मला नांदेडला सोडा.

महिनाभरात मी तुळया उतरवल्या आणि लिंबाच्या घातल्या. तिला चार वेळा सांगितलं. ती हो म्हणायची आणि ओसरीत अंथरूण टाकायची. त्या थंडीत ती गेली.

तेरावं झाल्यावर मी मिस्त्रीच्या दुकानात जाऊन भांडलो. एक वाक्य सरळ बोलला असतास तर, म्हणून तोंडाला येईल ते बोललो. त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"मी सांगून राहिलो होतो, शेठ. तुम्ही भाव करून राहिलात."

त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही. त्याने किल्लारीचं नाव घेऊन सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. त्या तुळया गोदामाच्या मागे पडून आहेत. कोणी विचारलं की कुठल्या, तर आता खरं सांगतो. मग कोणी घेत नाही.

खोली तयार आहे. प्लेटा रोज उन्हात तापतात, बॅटरी भरते, टाकीत पाणी आहे. महिन्यातून एकदा जातो, प्लेटांवरची धूळ पुसतो, दाराच्या बिजागरीला तेल घालतो. पायथ्याच्या खिडकीतून चिंच कशी दिसते, हे मी आडवं होऊन अजून पाहिलेलं नाही.