आखणीकाकांना पडदा नको होता

आखणीकाकांची कुणी कीव केली की त्यांचं डोकं फिरे. उभा जन्म त्यांनी पेणच्या आपल्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखण्यात घालवला, आणि मग मधुमेहाने त्यांचेच डोळे गेले. गिऱ्हाईक हळहळत म्हणे, "देवाला दृष्टी दिलीत आणि तुमच्याच वाट्याला..." काका पुढे बोलूच देत नसत. "साखरेनं गेले. देवाला मध्ये आणू नका. मूर्ती बघा."

मी त्यांची पुतणी, रोह्याला कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी गाडी धरून पेणला जायचे. कंपनीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी त्यांना लिनक्स घालून दिला होता. त्यातला स्क्रीन रीडर दाबलेली कळ आणि लिहिलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवी. त्याचे उच्चार असे, की काकांनी त्याचं नाव बोबड्या ठेवलं.

बोबड्याच्या भरवशावर काका आखणी लिहून काढत होते. बुबुळ कुठे ठेवायचं, कुंचला कुठे थांबवायचा, श्वास कधी सोडायचा. त्यांचा मुलगा दिनेश म्हणे, "बाबा, तुम्ही सांगा, मी टाईप करतो." काका ठणकावत, "तू तुझ्या मनाचं घालशील. माझी रेघ मीच मारणार." महाहट्टी माणूस, आणि मला ते तसेच आवडायचे.

एकदा गेले तर काका ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. दिनेशने हौसेने मोठा नवा पडदा आणून कॉम्प्युटरला जोडला होता, आणि तेव्हापासून बोबड्या मुका झाला होता. लिखाण अर्ध्यावर अडकलेलं. "जुनाट मशीन, गेलं असेल. आता सोडा ना बाबा," असं दिनेश बोलून गेला, ते काकांना झोंबलं होतं.

"डोळे गेले तवा पण लोक हेच बोलले," काका मला म्हणाले. "आता सोडा. का सोडू गो? माझं डोकं हाय ना जागेवर?"

मी सेटिंग उघडली. आवाज गेला नव्हता, भलत्या दारी जात होता. कॉम्प्युटर नव्या पडद्यालाच स्पीकर समजून सगळा आवाज तिकडे धाडत होता, आणि त्या पडद्यात स्पीकर नव्हताच. मी यादीतून जुना स्पीकर निवडला, बोबड्या बोलायला लागला. बंद करून चालू केला, पुन्हा मुका. परत निवडला, परत तेच. माझा धीर सुटायला लागला. मी रोह्याला गेल्यावर हे रोज कोण करणार? बोबड्या मुका असताना काकांना ती यादी सापडायची कशी? म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं आलं.

"ह्याला नवीन काय जोडलं?" काकांनी विचारलं.

"पडदा."

"मग काढ तो."

"अहो काका, पडदा काढला तर दिसणार कसं?"

"कुणाला?"

मी पडद्याची वायर उपसली. दुसरं दारच उरलं नाही म्हटल्यावर आवाज निमूट जुन्या स्पीकरकडे वळला, आणि बोबड्या अर्धवट राहिलेली ओळ वाचायला लागला. बंद करून चालू केला, तरी बोलतच राहिला. काका हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागले. नंतर बिनपडद्याचा कॉम्प्युटर बघून कुणी थट्टा केली, की म्हणत, "तुमची सोय घरी करा. हितं माझी हाय."

लिखाण पुरं केलं आणि मगच गेले. अजून त्यांच्या नावाने डोळ्यांत पाणी येतं, पण ते त्यांना चाललं नसतं.

आता आखणी दिनेश करतो. एका हातात कुंचला, दुसरा रंगाने माखलेला, काकांचं लिखाण वाचायला हात मोकळा असतो कुठे. कॉम्प्युटर फळीवर तसाच आहे. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ह्याचा स्क्रीन कुठाय? माझ्याकडे जुना पडून हाय, आणून देऊ?"

दिनेशने मूर्तीवरची नजर हलवली नाही. "नको. बाबांना चालायचा नाय."

वरून बोबड्या त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "कुंचला थांबव. आता श्वास सोड."

दिनेशने सोडला.