डावखुऱ्याचा रंधा

मंडळी, आज राजापेठेतल्या घरी फुगलेलं दार तासायला सुतार आला. त्याची मशीन बंद पडली, म्हणून मी खापरपणजोबांचा लाकडी रंधा दिला. कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या काळी ते वलगावात कापूस वाहायच्या बैलबंड्या बनवायचे.

"मावशी, हा माया हातात बसत नाही. डावखुऱ्याचा हाये. अंगठ्याचा खड्डा पाहा न!"

माझा डावा अंगठा त्यात नेमका बसला.

याच हाताने लिहायचे म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी देवाचं नाव घेत माझी बोटं पट्टीने फोडली. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. घरी सगळे विचारायचे, "कोणावर गेली ही पोट्टी?"

आज उत्तर सापडलं, पण विचारणारं घरात कोणीच उरलं नाही.

तुमच्यापैकी कोणी डावखुरं आहे का हो?