डॉक्टरांचं साटंलोटं

अख्ख्या ब्रिटनमध्ये अमेरिकन फुटबॉलपायी वेडा झालेला मराठी माणूस एकच होता, आणि आमचं नशीब बघा, तो नेमका बर्मिंगहॅममध्ये माझ्या शेजारच्या घरात राहायला आला. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘डॉक्टर’ म्हणायचो. आता आमच्या मराठी मंडळात दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी डॉक्टरलाच लागणार अशी परिस्थिती. मी एकटा कारखान्यात गिअरबॉक्स जुळवणारा इंजिनिअर, म्हणजे त्या लोकांत जवळजवळ अडाणीच. तरीही ‘डॉक्टर’ म्हटलं की डोळ्यांसमोर यायचे ते हेच. हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचं काम करायचे. दिवसभर लोकांना झोपवायचे आणि घरी आले की आमची झोप उडवायचे.

ऐंशीच्या दशकात इथल्या टीव्हीवर रविवारी संध्याकाळी हा खेळ दाखवायला लागले आणि डॉक्टरांना तो चावला. कायमचा चावला. ह्या खेळाला फुटबॉल का म्हणतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. चेंडू अंड्यासारखा. तो हातात धरून पळायचं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याला लोळवायचं. एकदा मी तसं म्हणालो, तर डॉक्टर दुखावले. ‘लोळवायचं काय म्हणता? अहो, बुद्धिबळ आहे हे, बुद्धिबळ!’ मग गणपतीत, कम्युनिटी हॉलमध्ये, त्यांनी मला ते बुद्धिबळ कागदाच्या प्लेटवर मांडून दाखवलं. पासेस झेलणारा रिसिव्हर म्हणजे मोदक, त्याला अडवणारा बचावपटू म्हणजे बटाटेवडा. ते समजावत असतानाच मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी येऊन अख्खा बचाव खाऊन टाकला, तर डॉक्टर म्हणतात, ‘बघितलंत? बचाव गेला की काय होतं ते!’ माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं तेव्हाही भूल द्यायला हेच. मी घाबरून पडलेलो, आणि हे सुई टोचता टोचता सांगतायत, ‘आता ऐका, बचावाचं मुख्य तत्त्व काय, तर...’ आणि मी गेलो. शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी उभे. ‘...तर मागे जागा ठेवायची नाही,’ म्हणाले. एवढ्या वेळात माझं पोट उघडून पुन्हा शिवलं होतं, पण वाक्य काही त्यांनी सोडलं नव्हतं.

असा माणूस नुसता टीव्ही बघून थांबतो होय? गावात हौशी लोकांनी एक टीम काढली होती. बस ड्रायव्हर, बँकेतले क्लार्क, हॉस्पिटलमधले पोर्टर, असं सगळं कडबोळं. डॉक्टर आधी त्यांना पट्ट्या बांधायला गेले, मग त्यांचे कपडे धुवायला घरी आणू लागले आणि वर्षभरात चेअरमन होऊन बसले. हाफटाइमला बाकीच्या टीम संत्र्याच्या फोडी खायच्या, आमचे लोक वहिनींचे डिंकाचे लाडू. कॅप्टन डेव्ह हा बस ड्रायव्हर. त्यानं पहिला लाडू हातात घेऊन मला हळूच विचारलं होतं, ‘हा खायचा की फेकायचा?’ पुढच्या आठवड्यात तोच, रिकामा डबा घेऊन, वहिनींच्या दारात उभा.

ह्या टीमचं सर्वस्व म्हणजे डेलरॉय. हॉस्पिटलात पोर्टर होता. पेशंटला ट्रॉलीवर घालून थिएटरपर्यंत आणायचं काम त्याचं, पुढचं डॉक्टरांचं. दारातून येताना मान वाकवावी लागायची इतका उंच, आणि बोलायचा इतकं हळू की म्हाताऱ्या बायका ऑपरेशनला जाताना त्याचाच हात मागायच्या. मैदानात मात्र त्याला ओलांडून कुणी गेलेलं मी पाहिलं नाही. आईवडील लहानपणीच गेलेले, सांभाळणारी मावशी जमैकाला परत गेलेली. डॉक्टर आणि वहिनींना मूलबाळ नव्हतं. एका रविवारी मॅचनंतर डॉक्टर त्याला जेवायला घेऊन आले आणि मग तो दर रविवारी येऊ लागला. वरणभात, वर तूप, लिंबू. वहिनींनी त्याला ‘पुरे’ हा शब्द शिकवला होता, पण त्यानं तो कधी वापरला नाही. तो जेवत असताना डॉक्टर समोर नुसते बसून राहायचे. एरवी अखंड चालणारं ते तोंड त्या वेळी बंद असायचं. वहिनी मला म्हणायच्या, ‘रविवार आहे म्हणून आमचा आठवडा आहे हो.’

आता टीमची पंचाईत अशी, की आमच्यावर कुणी गुण करू शकत नव्हतं आणि आम्ही कुणावर करू शकत नव्हतो. फेकलेला चेंडू झेलेल असा एक माणूस आमच्यात नव्हता. कार्डिफच्या टीमचं बरोबर उलटं होतं. त्यांच्याकडे ग्लिन नावाचा पोस्टमन होता, हवेतला चेंडू डोळे मिटून झेलायचा. पण बचाव म्हणजे नुसती चाळणी. त्यांनी एकदा विचारून पाहिलं, डेलरॉय देता का, ग्लिन घ्या. डॉक्टर केवढ्यांदा हसले होते! ‘वेडे आहेत लेकाचे,’ म्हणाले.

मग सीझनच्या शेवटी डेलरॉयचा खांदा निखळला आणि ऑपरेशन करावं लागलं. भूल अर्थात डॉक्टरांनीच दिली. खांदा ठीक झाला, पण त्या दिवसापासून डॉक्टर गप्प. शेजारून आवाज नाही, कुंपणावरून हाक नाही. मला तर बायकोला विचारावं लागलं, आपलं काही चुकलं का म्हणून. आणि मग हिवाळ्यात, पबच्या मागच्या खोलीत कमिटीची मीटिंग भरली असताना डॉक्टर उठून म्हणाले, ‘डेलरॉयला कार्डिफला देऊ आणि ग्लिनला घेऊ.’

एकच गिल्ला झाला. डेव्ह टेबलावर मूठ आपटून म्हणाला, ‘डॉक, दार विकून कुणी खिडकी घेतं का?’ डॉक्टर म्हणाले, ‘बाबा रे, नुसत्या दाराचं घर नसतं. चूल लागते. गेल्या सीझनला चूल पेटली का एकदा तरी?’ ते खरंच होतं, त्यामुळे सगळे आणखी चिडले. मीही चिडलो. एकवेळ टीम खड्ड्यात जाऊ दे, पण हा माणूस आपल्या हातानं आपला रविवार मोडायला निघालाय हे मला दिसत होतं. डेलरॉय कोपऱ्यात ग्लासात बघत बसला होता. डेव्हनं त्याला विचारलं, ‘तुला जायचंय?’ तो म्हणाला, ‘डॉक म्हणतील तसं.’ हात वर झाले, समसमान झाले आणि डॉक्टरांनी चेअरमनचं मत टाकून ठराव पास करून घेतला.

परतताना गाडीत मी त्यांना सोडलं नाही. ‘डॉक्टर, काय चाललंय काय तुमचं? त्या पोराशिवाय तुम्ही राहणार आहात का?’

‘नाही,’ ते म्हणाले.

‘मग?’

‘त्याचं मन कार्डिफला आहे. कसं कळलं ते विचारू नका.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘भुलीत बोलला?’

‘भूल चढताना माणूस जे बोलतो ते थिएटरबाहेर न्यायचं नसतं. आजवर हिला कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगू होय? पण एवढं सांगतो. हा इथे राहिला तर केवळ मला वाईट वाटू नये म्हणून राहील. तसलं राहणं नको मला.’

‘मग मोकळेपणानं जा म्हणा की त्याला!’

‘कसं म्हणू? मला माहीतच नाहीये ना!’

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की मी पुढचं वळणच चुकलो.

हौशी टीममध्ये अशी अदलाबदल नसतेच मुळी. ज्याला जिथे खेळायचं तिथे तो खेळतो. पण टीव्हीवर पाहिलेलं डॉक्टरांच्या डोक्यात, आणि व्यवहार कसा करतात हे मात्र आपल्याकडचंच ठाऊक. एक माणूस द्यायचा आणि त्याच घरातून एक आणायचा, म्हणजे काय? साटंलोटं! झालं. मोटरवेवर, दोघांना मध्ये पडेल अशा सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे पेट्रोल भरायला आणि खायला थांबतात त्या जागी, बैठक ठरली. डॉक्टर सूट घालून, वहिनी पैठणी नेसून, पिशवीत नारळ आणि पेढे, आणि वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून मी. तिकडून आला तो कार्डिफचा मॅनेजर, एक लालबुंद प्लंबर, बर्गर खात. डॉक्टर खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले. मी म्हटलं, ‘नीट बसा की.’ तर माझ्या कानात, ‘आपली मुलीची बाजू आहे.’ मग प्रश्न सुरू. राहायची सोय कशी, हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळेल ना, हवा दमट आहे तर खांद्याचं काय, रविवारी जेवायला कोण घालणार. प्लंबरनं आधी हसून उत्तरं दिली, मग बर्गर खाली ठेवला आणि टिश्यूनं हात पुसून चक्क सरळ बसला. शेवटी वहिनींनी विचारलं, ‘दिवाळीला पाठवाल ना त्याला?’ तो म्हणाला, ‘मॅडम, दिवाळी कधी असते?’ वहिनी म्हणाल्या, ‘मी कळवीन.’ आणि त्याच्या हातात नारळ ठेवला. तो बिचारा दोन्ही हातांनी नारळ धरून गाडीपर्यंत गेला.

डेलरॉय निघाला त्या रविवारी वहिनींनी पुरणपोळी केली होती. दारात त्याला कुंकू लावलं, चकलीचा डबा दिला. गाडीत बसायच्या आधी तो डॉक्टरांना म्हणाला, ‘डॉक, मी ऑपरेशनच्या वेळी काही बोललो होतो का?’ डॉक्टर म्हणाले, ‘छे! घोरत होतास.’ डेलरॉयनं वाकून त्यांना असं कवटाळलं की डॉक्टरांचे पाय जमिनीवरून सुटले. गाडी वळल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘चला, खांदा उत्तम झालाय,’ आणि घरात निघून गेले.

ग्लिन आला. उत्तम झेलायचा, आम्ही जिंकायला लागलो, डेव्ह डॉक्टरांची माफी मागून गेला. रविवारी वहिनींनी ग्लिनलाही जेवायला बोलावलं. त्यानं वरणभाताकडे पाहून केचप मागितला. वहिनींनी दिला बरं का. पण पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही. डेलरॉयनं वसंतात मेगन नावाच्या नर्सशी लग्न केलं. ती बर्मिंगहॅमला ट्रेनिंगला होती आणि मग आपल्या गावी, कार्डिफला परत गेली होती. लग्नाची बातमी आल्यावर डॉक्टरांनी ‘अरे वा, कोण ही?’ असं इतकं बेमालूम विचारलं की मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं.

ऑगस्टमध्ये आमची मॅच कार्डिफला लागली. डॉक्टर आमच्या बाजूला उभे, पण डेलरॉयनं ग्लिनला आडवा केला की टाळी पहिली ह्यांची. डेव्ह ओरडला, ‘डॉक, पडला तो आपला आहे!’ ‘हो हो, पण पाडला कसा ते बघ ना!’ झिमझिम पाऊस, बोचरा वारा. हाफटाइमला मेगन आणि डेलरॉय आमच्याकडे आले. तिनं फ्लास्कमधून चहा ओतून डॉक्टरांपुढे कप धरला, तर हे हात मागे घेऊन, ‘नको, नको.’ ती हिरमुसली. मी कानात म्हटलं, ‘अहो, घ्या की!’ ते म्हणाले, ‘लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत आपल्यात.’ मग मला त्या पोरीला सगळं इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. हे स्वतःला डेलरॉयच्या माहेरचे समजतात, आणि आमच्याकडे लेकीचे आईबाप तिला मूल होईपर्यंत तिच्या घरी काही खातपीत नाहीत. मेगननं डेलरॉयकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत हसायला लागला. ती लाजून म्हणाली, ‘मग घ्यायला सांगा त्यांना. फेब्रुवारीत आहे.’

वहिनींनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. डॉक्टरांनी कप घेतला. तोंडापर्यंत नेला आणि थांबले. ‘नियम जन्मानंतरचा आहे,’ म्हणाले. मेगन कप परत घ्यायला लागली तर तोही देईनात. अख्खा सेकंड हाफ हा माणूस दोन्ही हातांत थंडगार चहा धरून पावसात उभा होता, आणि चष्म्याच्या काचा पुसायला हात मोकळा नाही म्हणून त्यांना मॅचमधलं काहीही दिसलं नाही.

पोरगी झाली. डॉक्टर तिला बघायला गेले, चहा प्यायले, मग महिन्यातून एकदा जाऊ लागले, मग पंधरवड्यानं. नव्वदच्या दशकात रिटायर झाले तेव्हा आम्हाला वाटलं, सगळ्यांसारखा पुण्यात फ्लॅट घेतील. त्यांनी कार्डिफला, डेलरॉयच्या मागच्या रस्त्यावर घर बघितलं. सही करायच्या आदल्या दिवशी कुंपणापाशी आले आणि म्हणाले, ‘जाऊ ना हो?’ मला फार वाटत होतं, नको म्हणावं. नवीन घर, नवी माणसं, ह्या वयात कशाला, असं सांगायला कारणं पुष्कळ होती. मी म्हटलं, ‘जा. बिनधास्त जा.’ त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

शेजारी आता एक शांत कुटुंब राहतं. कधी आवाज म्हणून नाही. रविवार मात्र फार मोठा झालाय.