कुरोते घाटात चालू राहिलेलं इंजिन

आमच्या मिनासावा गावात तोमिए काझामाची पांढरी गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सहाशे साठ सीसी, ताकद जेमतेम अठ्ठेचाळीस घोड्यांची. चढ लागला की ते शिवणयंत्रासारखं घरघरायचं. माझ्या केस कापायच्या दुकानात बसलेली म्हातारी मंडळी म्हणायची, "आल्या शिंपीणबाई." तोमिए शिंपीण नव्हती. डोंगरातल्या वाड्यांवर एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ती जेवणाचे डबे पोचवायची, कमरेएवढ्या बर्फातसुद्धा. गाडीनं दोन लाख किलोमीटर ओलांडले होते आणि ती रस्त्यात कधी बंद पडली नव्हती. तोमिए हे मुद्दाम सासऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायची.

सासऱ्यांचं नाव गेनजिरो. तरुणपणी गाव सोडून ते दक्षिणेला समुद्राकाठच्या एका कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी त्यांनी एकाच कामात काढली. नवं कोरं इंजिन चालू करायचं, ऐकायचं, पास किंवा नापास करायचं. बायको गेल्यावर ते गावी परतले. मुलगा, म्हणजे तोमिएचा नवरा, हिवाळाभर तोक्योला बांधकामावर असायचा. घरात उरायची ही दोघं, आणि त्यांच्यात बोलणं व्हायचं ते फक्त गाडीवरून.

"थंड इंजिनला असं दामटतात का?"

"उशीर झालाय, बाबा."

"तेल बदललंस?"

"बदललं."

एवढंच. मी शेजारी राहतो, मला भिंतीतून ऐकू यायचं.

त्या फेब्रुवारीत गेनजिरोंच्या डोळ्यांची ऑपरेशनआधीची तपासणी होती. तोमिए त्यांना नागाओका शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. मीही दुकानाचं सामान आणायला माझ्या व्हॅननं शहरात गेलो होतो. परतताना घाटाच्या पायथ्याशी तिची गाडी दिसली आणि मी तिच्या मागे लागलो. दुपार होती, पण बर्फ इतका दाट पडत होता की तिचे मागचे लाल दिवेच काय ते दिसत होते. कुरोते घाटाच्या मधोमध ते दिवे थांबले. पुढे कुठेतरी एक ट्रक आडवा झाला होता. मागे वळायला जागा नव्हती.

पहिला काही वेळ सगळ्यांनाच वाटलं, आत्ता निघू. मग माझ्या व्हॅनचा पेट्रोलचा काटा तळाला टेकला. चूक माझीच. शहरात भरतो म्हणून भरलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं, कोट डोक्यावर घेतला आणि तोमिएच्या गाडीची काच वाजवली.

"या, निमुरासान," तिनं दार ढकललं. "गिऱ्हाईक बनून आलात की न्हावी बनून?"

"भिकारी बनून आलोय. पेट्रोल संपलं."

मागच्या सीटवर रिकाम्या डब्यांची टोपली होती. ती मांडीवर घेऊन मी बसलो. पुढे गेनजिरो डोळे मिटून बसले होते. तपासणीसाठी घातलेल्या थेंबांनी त्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि बर्फाचा पांढरा उजेड त्यांना सोसवत नव्हता.

"टाकी किती?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्याच्या वर आहे, बाबा."

"म्हणजे पंधरा-सोळा लिटर. नुसतं उभ्यानं चालू ठेवलं तर उद्यापर्यंत पुरेल. सायलेन्सरचं तोंड मोकळं ठेव मात्र. ते बुजलं तर धूर आत येईल, आणि त्या धुराला वास नसतो."

तोमिए फावडं घेऊन उतरली, मागचा बर्फ काढून आली. पुढची पाळी माझी. असं आळीपाळीनं चाललं होतं. उरलेली भाताची मूद आम्ही वाटून खाल्ली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी परत येऊन बसलो तर गाडीत गारवा जाणवला. हीटर चालू होता, पण हवा थंड येत होती.

तोमिएनं हीटरच्या जाळीपुढे हात धरला आणि माझ्याकडे आरशातून पाहिलं. गेनजिरोंनी विचारलं.

"तापमानाचा काटा कुठे आहे?"

"मध्ये."

"नीट बघ."

"मध्याच्या थोडा वर."

"बंद कर."

इंजिन थांबल्यावर बर्फाचा आवाज येऊ लागला, छपरावर पीठ चाळल्यासारखा.

"रेडिएटरचं पाणी गळतंय," गेनजिरो म्हणाले. "हीटरपर्यंत पोचत नाही म्हणून हवा थंड आहे. आणि मघापासून पाण्याच्या पंपाचं बेअरिंग किरकिरतंय." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. बेल्ट कधी बदलला होतास?"

हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असतं. तो बेल्ट लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो, आणि बदलताना पंपही बदलतात. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं.

"पहिल्या लाखाला बदलला होता," तोमिए म्हणाली.

"दुसऱ्या लाखाला?"

ती समोर काचेकडे बघत राहिली. "नाही बदलला. गॅरेजवाल्यानं शरद ऋतूतच सांगितलं होतं. चार दिवस गाडी ठेवावी लागली असती. चार दिवस डबे कोण नेणार?"

"मला म्हणालीस, सगळं झालंय."

"तुम्ही विचारता कुठे? टोमणे मारता. टोमण्याला मी 'झालं' म्हणते."

मी टोपलीतल्या डब्यांकडे बघत बसलो. अशा वेळी तिसऱ्या माणसानं कुठे बघायचं ते मला आजही कळलेलं नाही.

गेनजिरोंनी मान पुन्हा समोर वळवली. म्हणाले, "प्यायला काय आहे?"

"थर्मासात जवाचा चहा आहे."

"साखर?"

"नाही."

"पिऊ नका. थोडं निवलं की रेडिएटरमध्ये ओता."

इंजिन निवेपर्यंत गाडीत श्वासाची वाफ दिसायला लागली. मग तोमिएनं बॉनेट उघडलं. गेनजिरोही उतरले. डोळे मिटलेले, एक हात तिच्या खांद्यावर. "झाकणावर फडकं धर. आधी थोडंच फिरव. फुसफुस थांबू दे. आता काढ." तिनं चहा ओतला, मग डब्याच्या झाकणात वितळवलेला बर्फ. मी छत्री धरून उभा होतो.

बॉनेट लावताना तोमिएची नजर पुढच्या गाडीवर गेली. मोठी, नवी, गडद निळी गाडी. तिचं इंजिन चालू होतं, इतकं शांत की हात लावल्याशिवाय कळलं नसतं. मागे बंपरच्या वरपर्यंत बर्फ साचला होता.

"निमुरासान," ती म्हणाली, "यांच्या मागचा बर्फ कुणी काढलाय का?"

आम्ही धावलो, म्हणजे त्या बर्फात जितकं धावता येतं तितकं. आत एक माणूस मान टाकून झोपला होता. काच वाजवली, हाका मारल्या, तो हलला नाही. दारं आतून बंद. तोमिएनं फावड्याच्या दांड्यानं मागची काच फोडली आणि आत हात घालून कडी काढली. मी इंजिन बंद केलं. माणसाचे गाल लाल होते, जणू नुकताच गरम पाण्यातून उठलाय. श्वास होता, पण फार वरवरचा.

त्याला बाहेर ओढलं तेव्हा बर्फ तोंडावर पडूनही त्यानं डोळे उघडले नाहीत. तोमिएनं मदतीसाठी फोन लावला. पलीकडून सांगितलं, मोकळी हवा द्या, ऊब द्या, माणसं पायी निघाली आहेत, पण वेळ लागेल.

आम्ही त्याला तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं. डबे बाहेर बर्फात ठेवले. त्याचं डोकं माझ्या मांडीवर, पाय दाराशी दुमडलेले. मोकळ्या हवेसाठी दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं खाली. थोड्याच वेळात तो कुडकुडू लागला.

तोमिएनं किल्लीला हात घातला.

"थांब," गेनजिरो म्हणाले. "ते बेअरिंग संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. थोडा वेळ चालव, मग बंद कर. पुन्हा थोडा वेळ. बेल्ट तुटला तर आपल्या सगळ्यांचीच ऊब जाईल."

"काचा उघड्या आहेत, बाबा. बंद केलं की दोन मिनिटांत सगळं गार. याला तेवढंही झेपणार नाही."

"मी आयुष्यभर इंजिनं ऐकली आहेत."

"मला माहीत आहे."

"मग ऐक ना माझं."

"नाही ऐकत," तोमिए म्हणाली. "तुटलं तर तुटलं. तेव्हा बघू."

तिनं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. हीटरमधून आधी गार, मग कोमट, मग गरम हवा आली. त्या आवाजात आता मलाही किरकिर ऐकू येत होती, दातांखाली वाळू आल्यासारखी. गेनजिरोंनी कोट काढून मागे दिला आणि नुसत्या स्वेटरवर बसून राहिले. किरकिर वाढली की तोमिएचे खांदे वर जायचे, कमी झाली की खाली यायचे. सायलेन्सर मोकळा करायला आता ती एकटीच उतरत होती. काटा पुन्हा वर सरकला तेव्हा इंजिन थांबवून, निवायची वाट पाहून पुन्हा बर्फाचं पाणी ओतावं लागलं. तेवढा वेळ मी त्या माणसाचे हात माझ्या काखेत धरून बसलो. आता इंजिन पुन्हा लागेल का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. ते लागलं.

अंधार पडताना त्या माणसानं डोळे उघडले आणि माझ्या बुटांवर ओकला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्याचं नाव हिराकु. काय झालं ते तो सांगू लागला तेव्हा तोमिए म्हणाली, "नंतर. आधी श्वास घ्या." जेवणवेळ उलटल्यावर बचावपथकाची माणसं बर्फावरच्या घसरपाट्या ओढत आली, त्याला प्राणवायू लावला आणि खाली नेलं. तोपर्यंत इंजिन टिकून होतं.

बर्फ बाजूला सारणारी यंत्रं पहाटे आली आणि रस्ता सुटला. तोमिएनं गिअर टाकला. एका वळणापर्यंत गाडी गेली, मग खाडकन आवाज झाला आणि सगळं शांत. तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. गेनजिरो म्हणाले, "उतारच आहे. ब्रेक हळू लाव, मी हँडब्रेकवर हात ठेवतो." आणि अशा बंद गाडीत ती दोघं पायथ्यापर्यंत आली, आणि तळाशी उरलेल्या थेंबभर पेट्रोलवर मी त्यांच्या मागोमाग.

गॅरेजवाल्यानं इंजिन उघडलं तेव्हा पंप जाम झालेला होता, बेल्टचे दात झडले होते, व्हॉल्व्ह वाकले होते. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं, या वेळी नव्या बेल्टसकट. ते बसेपर्यंत डबे माझ्या व्हॅनमधून गेले. शेजारी तोमिए, मागे गेनजिरो. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरही ते डबे द्यायला जायचे. कधी कधी एखाद्या म्हातारीशी गप्पा मारायला घरात शिरले की चांगला तासभर बाहेर यायचे नाहीत.

घाटाचा विषय निघाला की ते अजूनही म्हणतात, "बंद करायला सांगितलं, ते बरोबरच होतं."

"असेल, बाबा," तोमिए म्हणते, आणि त्यांच्या पुढ्यात सूप ठेवते.