एकोणऐंशी नंबरचा बिल्ला

"पाच दिवस झाले, बिल्ला लटकूनच हाय. पोरगी वर येऊन नाही राहिली."

दाराबाहेर गजभिये काकांचा आवाज होता. तळमजल्यावरून तीन जिने चढून आल्यामुळे दर दोन शब्दांनंतर धाप लागत होती. मी माझ्या खोलीत दार लावून लॅपटॉपसमोर बसले होते.

"आहे ना भाऊ, घरातच आहे ती," आई म्हणाली.

"घरात हाय ते मले माहीत हाय, ताई. वर आली का, ते विचारून राहिलो."

आईला यातलं काही कळलं नसणार. मला कळलं होतं, म्हणूनच मी जागची हलले नाही.

काकांनी सावनेरजवळच्या एका कोळसा खाणीत बत्तीस वर्षं दिव्यांच्या खोलीत काम केलं. खाणीत उतरणारा प्रत्येक जण तिथून डोक्यावरचा दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला देऊन जायचा. काका तो फळ्यावरच्या खिळ्याला टांगायचे. पाळी संपली की दिवा परत, बिल्ला परत. फळ्यावर बिल्ला उरला, तर तो माणूस अजून खाली आहे. "मी काई मोठं काम नाही केलं," ते म्हणायचे. "वाट पाह्यली फक्त."

निवृत्तीनंतर ते वर्धा रोडवरच्या आमच्या इमारतीत राहायला आले. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगा नोकरीसाठी पुण्याला जाताना आपला गेमचा कन्सोल आणि तीसेक डिस्क मागे ठेवून गेला. काकांनी त्या पुसता पुसता एक लावून पाहिली आणि मग सुटलेच. त्यांचं खेळणं बघण्यासारखं असे. शत्रू गोळ्या झाडत असायचा आणि काका कॅमेरा वर फिरवून गुहेचं छत न्याहाळत असायचे. "टेकू कुठं हाय? आं? एक टेकू नाही लावला आणि माणसं घुसवून राहिले अंदर!" तेवढ्यात त्यांचा गडी मरायचा. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

इमारतीतली मुलं डिस्क मागू लागली तेव्हा काकांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून पितळेच्या चकत्यांवर नंबर घालून आणले आणि दाराशेजारी फळा लावला. डिस्क न्या, बिल्ला टांगा. नियम आणखी एकच होता. परत आणून देताना काय पाहिलं ते सांगायचं.

मी तेव्हा नववीत होते. मामेभावाचा जुना कन्सोल मला मिळाला होता आणि डिस्क मागायला जायला मी आठवडाभर हिंमत गोळा केली होती. गेले, उभी राहिले आणि बोटाने दाखवलं. काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि डब्यातून शोधून एक बिल्ला काढला.

"तुझा नंबर एकोणऐंशी."

एकोणऐंशी म्हणजे ६९ की ७९, हे माझ्या इंग्रजी शाळेने मला शिकवलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती, म्हणून फळ्यावर टांगताना बिल्ल्यावरचा आकडा वाचला. डिस्क परत करताना मी "छान होता" एवढंच म्हणाले.

"छान तर चहाही असते वं. पाह्यलं काय, ते सांग."

त्या दिवशी मी चार वाक्यं बोलले. पुढच्या वेळी दहा. बाहेरच्या माणसाशी सलग इतकं मी पहिल्यांदा बोलले असेन तर काकांकडच्या खुर्चीत, एका काल्पनिक बर्फाच्या डोंगराबद्दल.

मग स्ट्रीमिंग आलं. महिन्याची वर्गणी भरली की शेकडो खेळ फोनवर. ना कन्सोल, ना डिस्क. मुलं काकांना चिडवायची, "काका, तुमचं दुकान आता बंद!" मला त्याचा राग यायचा. मी डिस्कच्या बाजूने होते. आपली वस्तू आपल्या कपाटात असते, कोणी काढून घेऊ शकत नाही. एकदा मी अर्ध्यावर खेळलेला खेळ त्या यादीतून गायबच झाला. मी पुरावा घेऊन यावं तशी काकांकडे गेले.

"खाणपण बंद होते, बाई," ते म्हणाले. "डिस्क सांभाळून ठेव. नेट जाते तवा कामात येते. पण मी बत्तीस वर्षांत एक बत्ती घरी नाही आणली. बत्ती कंपनीची होती. बिल्ला आपला होता."

फळा त्यांनी काढला नाही. उलट नवे बिल्ले करून आणले. आता खेळ सुरू करताना बिल्ला टांगायचा आणि संपला की येऊन काय पाहिलं ते सांगायचं. वॉचमनची बायको सुनीता इतकी वर्षं मुलांचे खेळ दारातूनच बघायची, कारण तिच्या खोलीत साधा टीव्हीही नव्हता. काकांनी तिच्या जुन्या फोनवर आपल्या वर्गणीतून खेळ लावून दिला आणि तिला चाळीस नंबर दिला. दुपारी भांडी आटोपून ती समुद्राखालचं एक शहर शोधायची आणि संध्याकाळी काकांना हातवारे करत सांगायची, "काका, मासा नाही गा तो, घर होतं घर!" हे ऐकल्यावर डिस्कच्या बाजूने बोलताना माझा आवाज जरा खाली आला.

पण स्ट्रीमिंगमध्ये परत द्यायचं काहीच नसतं. त्यामुळे परत यायचंही राहून जातं, हे मला त्या पाच दिवसांत कळलं.

कॉलेज संपताना मिळालेली नोकरी कंपनीने रुजू व्हायच्या आठवडाभर आधी रद्द केली होती. दोन ओळींचा मेल. आई सगळ्यांना पेढे देऊन बसली होती. मी खोलीचं दार लावलं आणि एका खेळातून दुसऱ्या खेळात जात राहिले. बिल्ला टांगायला खाली गेले नाही. काकांना आपल्या फोनवर माझ्या नावापुढचा, खेळ चालू असल्याचा हिरवा ठिपका दिसत होता, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. माझा बिल्ला त्यांनीच टांगला आणि वाट पाहिली. पाचव्या दिवशी जिना चढले.

शेवटी मी दार उघडलं. काका स्टुलावर बसले, पाणी प्यायले.

"काय पाह्यलं खाली?"

मी खेळांबद्दल सांगायला लागले. कुठल्याशा वाक्यानंतर मी मेलबद्दल सांगत होते. काकांनी ना समजूत काढली, ना कंपनीला शिव्या दिल्या. एक गोष्ट मात्र सांगितली. एकदा पहिली पाळी सुटली, बाकी सगळे दिवे परत आले आणि एक बिल्ला उरला. साहेब म्हणाले, गेला असेल घरी, तुम्ही कुलूप लावा. काकांनी लावलं नाही. दोन तासांनी तो माणूस एका जुन्या बोगद्यात सापडला. पाय मुरगळलेला, दिवा विझलेला, अंधारात गुपचूप बसलेला.

"म्हटलं, हाक काहून नाही मारली? तर म्हणते, कोणाले त्रास कायले द्यायचा!" काका हसले. "लाजाळू होता बिचारा. त्याचा नंबर एकोणऐंशी."

मी लॅपटॉप मिटला.

"छत कच्चं दिसलं का वर यायचं, बेटा. त्यात लाज कायची?"

सहा महिन्यांनी मला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली. पेढे काकांनीच वाटले.

यंदा गुडघ्यांनी फारच त्रास दिला, म्हणून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. कन्सोल आणि डिस्क त्यांनी सोसायटीच्या खोलीत ठेवल्या. "मशीन कायले नेऊ? आता खेळ माह्या मागं मागं पुण्याले येते." फळा माझ्या दाराशेजारी लागला; त्यावर एक नंबरचा बिल्ला काकांचा. दर संध्याकाळी त्यांचा मेसेज यायचा, 'जयभीम. एक नंबर टांग.' खेळून झालं की, 'वर आलो', आणि मग कुठल्या तरी गुहेच्या छताची तक्रार.

मागच्या सोमवारी 'टांग' आलं. 'वर आलो' आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. हिरवा ठिपकाही नाही. मी दोन मेसेज केले, ते पोहोचलेच नाहीत. सुनीता जाता-येता फळ्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

मी कोणाला फोन करत नाही. ऑफिसात टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मुलीलाही टाइप करून विचारते. गुरुवारी संध्याकाळी मी फळ्यासमोर उभी राहून काकांना फोन लावला, तो बंद होता; मग त्यांच्या मुलाचा नंबर लावला. सात वेळा रिंग वाजली. मग काहीतरी खडखडलं आणि मुलाऐवजी ओळखीची धाप ऐकू आली.

"हॅलो? कोन बोलते?"

"काका, एकोणऐंशी बोलतेय. तुमचा बिल्ला चार दिवस झाले फळ्यावर लटकून राहिला. वर या आणि काय पाहिलं ते सांगा."