चंदनभाभी खात नाहीत ते वांगं

आमच्या शेजारच्या चंदनभाभी वांगं खात नाहीत. फार बियांचं फळ, त्यांच्या जैन घरात वर्ज्य. आणि याच बाईनं अख्खा उन्हाळा एका वांग्यासाठी जिवाचं रान केलं! इतकी हट्टी बाई बोदवडात दुसरी नसेल.

वांगं मूळ आमचं. माझ्या सासूबाईंच्या, लताबाईंच्या, शेतातलं. पोपटी रंगाचं, खास भरताचं. शेतात सगळीकडे कपाशी झाली आणि ते गेलं. त्याआधी सासूबाईंनी मूठभर बी भिंतीपलीकडे दिलं होतं, "चंदन, माझ्याकडचं गेलं तं तुझ्याकडे राहू दे." तेव्हापासून भाभी दर साली परसात ते लावायच्या, वांगी आम्हाला द्यायच्या, बी राखायच्या. यंदा बी डब्यातच किडलं. कसंबसं एक रोप जगलं, त्यावर बियाण्यासाठी राखलेलं एकच वांगं. ते हातचं गेलं की वाणच संपला. इकडे आजारातून उठलेल्या सासूबाई बाजारच्या वांग्याचं भरीत ताटातून बाजूला सारत होत्या. "मले हे नको व माय. आपलं लाव."

मे महिन्यात भाभींचा गिलक्याचा वेल वाळला, अबोली करपली. घरच्या कापडदुकानातल्या विटक्या साड्या बांधून त्यांनी वांग्यावर सावली केली. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यालाच. नळाचा भरवसा राहिला नाही तेव्हा त्यांनी मोगऱ्याचं पाणी तोडलं. तो मोगरा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. फूल तोडायच्या नाहीत, नुसत्या बघत बसायच्या.

"अहो, त्यालाही घाला की घोटभर!" मी म्हटलं.

"दोघांना पुरत नाही, उषा."

आणि एवढं करून वांग्याला भोक पडलं. आत अळी! मी तडक घरातून फवारणीचं औषध घेऊन आले. भाभी झाडापुढे उभ्या राहिल्या.

"नाही. जीव जाईल तिचा."

"आणि बी गेलं म्हणजे? सासूबाईंना काय सांगू?"

"अळी एवढीशी, वांगं केवढं! खाऊन खाऊन किती खाईल?"

मला असा राग आला म्हणता! पण झाड त्यांचं, परस त्यांचं. पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून त्या ज्यातून पाणी गाळतात, त्या फडक्याची त्यांनी पिशवी शिवली आणि वांग्याला बांधली, बाहेरून दुसरी अळी शिरू नये म्हणून. रोज सकाळी सोडून बघायचं, परत बांधायचं. एके दिवशी अळी खाऊन तृप्त होऊन पिशवीत उतरली. भाभींनी तिला कागदावर घेतलं आणि कुंपणापाशी मातीत सोडलं. माझ्या हातात असती तर चपलेखाली गेली असती.

वांगं पिकून पिवळंजर्द झालं तसं भाभी ते ओंजळीत घेऊन सासूबाईंकडे आल्या. मी ते चिरलं. अर्धं काळं, सडकं. पण उरलेलं अर्धं बियांनी गच्च! पातेल्यात धुतलं, पोकळ बी वर आलं, भरलेलं तळाशी बसलं. सासूबाईंनी ते चाचपून पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. निम्मं बी त्यांनी भाभींच्या पदरात टाकलं.

"चंदन, तू तं हे चाखतही नाही. मोगरा काहून जाऊ दिला?"

"मोगरा दुसरा लावता येईल," भाभी म्हणाल्या. "हे तुम्ही सांभाळायला दिलं होतं."

मी बी धुतलेलं पाणी उचललं आणि निघाले मोगऱ्याकडे. तेवढ्यात मागून आवाज, "उषा, गाळून घाल हं!"

एरवी मी तोंडावर हसले असते. त्या दिवशी मुकाट्यानं फडकं धरलं, पाणी गाळलं आणि मोगऱ्याच्या वाळक्या खोडाशी ओतलं. अजून त्याला कोंब नाही. मी मात्र रोज घालतेय.