बिननावाची चिठ्ठी

जोगळेकरबाई मत द्यायला न चुकता जात, पण परत येताना डावा हात पदराखाली धरून येत. बोटावरची शाई कुणाला दिसू नये म्हणून. आजकाल लोक त्या बोटाचे फोटो काढून सगळ्यांना पाठवतात. बाई मात्र घरी आल्या की लिंबाची फोड घेऊन बोट घासत बसत. शाई काही जात नसे. "अगो, मत दिलं एवढं कळलं की माणूस पुढचं विचारतो, कुणाला दिलंस?" असं म्हणत आणि पुन्हा घासायला लागत.

एवढं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. दार वाजलं की खिडकीतून माणूस दिसत असला तरी तीनदा "कोण?" विचारायच्या. आळीतला दिवा दोन महिने बंद होता, तेव्हा नगरपरिषदेकडे द्यायच्या अर्जावर सगळ्यांनी सह्या केल्या. बाईंनी केली नाही. "मी बॅटरी घेऊन जाईन येईन," म्हणाल्या. शेजारी हसले. मीही हसले होते, हे कबूल करायला हवं.

माळनाक्याजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन त्या एकट्या राहायच्या. तरुणपणी पुण्यात जपानी शिकल्या, तिथल्याच एका कारखान्यात दुभाषी म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला आल्या. पुण्याची एक एजन्सी त्यांना इंग्रजीतून जपानीत भाषांतराचं काम पाठवायची. डोळे अधू झाल्यावर संगणकावर काम करायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले आणि चार वर्षं राहिले. पहिल्या दिवशी मी एक शब्द इंटरनेटवर बघून झटकन टाकला, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला. "धीट माणूस कोशात बघत नाही, वनिता. म्हणून तो फसतो. मी भित्री आहे, म्हणून माझं भाषांतर बरं असतं." मग दोन कोश उघडले, तिसरा कपाटातून काढला. एका शब्दाला वीस मिनिटं. अशा रीतीने मीही जपानी शिकत गेले.

त्या वर्षी भाताची कापणी चालू असताना नवं काम आलं. मोबाइलवर मतदान आणि सर्वेक्षण घेणारा एक प्रोग्रॅम होता. त्यातले इंग्रजी शब्द जपानीत आणायचे. पोल, बॅलट, अ‍ॅबस्टेन, अनडिसायडेड, अशी लांबलचक यादी. बाई खुशीत होत्या. "इंग्रजी आळशी आहे बघ. मतदान झालं तरी पोल, नुसतं मत विचारलं तरी पोल. एकाच खुंटीला सगळे कपडे." जपानीत मतदानाला तोह्यो म्हणतात. तो म्हणजे टाकणं, ह्यो म्हणजे चिठ्ठी. "आपणसुद्धा मत टाकतोच की!" म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. 'धड होही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही' अशा उत्तराला जपानीत एक लांबलचक वाक्य आहे. ते मी तीनदा चुकले, तेव्हा म्हणाल्या, "सोपं आहे गो. आपल्याकडचं 'बघूया हां' ते."

मतदान न करता बाजूला राहण्याचा शब्द होता किकेन. तो लिहिताना मी थबकले, कारण धोका या अर्थाचा शब्दही मला किकेन असाच माहीत होता. बाई म्हणाल्या, दोन्ही बरोबर. लिहायची अक्षरं वेगळी, उच्चार एक. "बाजूला राहणं धोक्याचं असतं असं काही त्या लोकांना म्हणायचं नसेल," त्या म्हणाल्या, "पण कानाला तसंच ऐकू येतं." आणि उगीचच दाराची कडी बघून आल्या.

शुक्रवारी दुपारी एजन्सीने पडद्याची दोन चित्रं पाठवली. शब्द कुठे बसणार आहेत ते कळावं म्हणून. पहिल्या चित्रात कामगारांना विचारायचे प्रश्न होते. कामाच्या जागी तुम्हाला सुरक्षित वाटतं का? वायूची गळती पाहिली आहे का? वरिष्ठांना सांगायची भीती वाटते का? खाली लिहिलं होतं, तुमची उत्तरं अ‍ॅनॉनिमस राहतील. कंपनीचं नाव पुसलेलं होतं, पण कोपऱ्यात जागेचं नाव राहून गेलं होतं. लोटे.

माझा धाकटा भाऊ नितीन लोट्याला एका रसायनाच्या कारखान्यात होता. मालक जपानी. तो खेडला खोली घेऊन राहायचा, कंपनीच्या बसने पाळीला जायचा आणि सुट्टीला घरी यायचा. आदल्या रविवारी आला तो खोकतच. "गळा धरतो गो ताई," म्हणाला. "ड्रायरवर वाफ येते ना, डोळं उघडं ठेवता येत नाय. सायबाला सांगितलं तर बोलतो, तुला नको असेल तर गेटवर दहा जण उभे हायत. पण आता जपानवरनं विचारनार हायत. मोबाइलवर उत्तरं द्यायची, नाव नाय लिवायचं. या टायमाला मी सगळं खरं लिवनार."

दुसरं चित्र जपानी साहेबांना दिसणाऱ्या अहवालाच्या नमुन्याचं होतं. एका ओळीत एका कामगाराची उत्तरं. नाव नव्हतं. पण ओळीच्या सुरुवातीला विभाग होता, पाळी होती, वय, नोकरीची वर्षं आणि मूळ तालुका होता. नितीनने उत्तरं दिली की ओळ येणार ती अशी: ड्रायर, तिसरी पाळी, चोवीस वर्षं, नोकरी दोन वर्षं, तालुका रत्नागिरी. अशी ओळ त्या कारखान्यात एकच निघाली असती. ती माझ्या भावाची.

मी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग उठून खिडकी लावली, भर दुपारी.

"या शब्दाला जपानीत दोन वाटा आहेत," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तोकुमेइ म्हणजे माणूस कोण ते कळणारच नाही. मुकिमेइ म्हणजे फक्त नाव लिहिलेलं नाही. कळायचं तर कळेल. इथे तोकुमेइ लिहिलं तर खोटं होईल."

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील लांज्याकडच्या एका गावात मास्तर होते. गावच्या सोसायटीची निवडणूक चिठ्ठ्यांवर झाली. ज्याला मत द्यायचं त्याचं नाव लिहायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. गावातल्या बड्या माणसाविरुद्ध एकच चिठ्ठी निघाली. "खाली सही नव्हती गो. पण अख्ख्या गावाला अक्षर गिरवायला बाबांनीच शिकवलं होतं. त्यांचं अक्षर कुणाला ओळखू येणार नाही?" दुसऱ्या दिवसापासून आईशी विहिरीवर कुणी बोलेना. दुकानदार मीठ संपलंय म्हणायचा. शाळेत मुलं यायची थांबली. वर्षभरात गाव सोडावं लागलं. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. "बाबा मरेपर्यंत पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे," त्या म्हणाल्या.

मी फोन उचलला. नितीनला सांगायचं, खरं काही लिहू नकोस. बाईंनी माझं मनगट धरलं.

"गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे, वनिता."

"तुम्हाला फक्त स्वतःची भीती! माझ्या भावाची नोकरी जाईल त्याचं काय?"

"तुझा भाऊ गप्प बसेल आणि वाचेल. बाकीची पोरं? ती खरं लिहितील की."

रागाने मी रडायला लागले. बाईंनी मनगट सोडलं. "रविवार संध्याकाळपर्यंत थांब. काही झालं नाही तर कर फोन. मी अडवणार नाही."

त्यांनी पुण्याला एजन्सीत फोन लावला. तिथला माणूस घाईत होता. "मॅडम, डिक्शनरीत तोकुमेइ आहे ना? मग तेच द्या. आपलं काम शब्दांचं. सोमवारी कामगारांना लिंक जाणार आहे, उशीर नको."

"पण ते खरं नाही हो."

"ते कंपनी बघेल," म्हणून त्याने फोन ठेवला.

बाई खुर्चीत बसल्या. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होत्या की वाक्य जुळवत होत्या कोण जाणे. मग मला उठवून स्वतः संगणकापुढे बसल्या. यादीत प्रत्येक शब्दापुढे शेरा लिहायला जागा होती, आणि ती यादी जपानमधला तपासनीसही बघायचा. त्यांनी शब्दाच्या जागी मुकिमेइ लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, की या अहवालातून माणूस ओळखता येतो, कामगारांना मात्र कुणी ओळखू येणार नाही असं सांगितलं जातंय, विभाग, पाळी, वय ही माहिती काढून टाकावी, नाहीतर त्यांना तसं स्पष्ट सांगावं. एकेका अक्षराला तीन तीनदा चुकत होत्या. मी म्हटलं, मी लिहिते. "नको. हे माझ्याच हातून जाऊ दे." शेवटी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पत्ता लिहिला. फोन लिहिला.

"बाई, नाव कशाला?" मी घाबरून विचारलं.

"बिननावाच्या तक्रारीला कोण विचारतंय? हे सांगणारं माणूस आहे, हे त्यांना दिसायला हवं."

बटण दाबलं आणि मोरीत जाऊन त्या उलटी करून आल्या.

शनिवार काहीच घडलं नाही. रविवारी मी त्यांच्याकडेच बसले होते. अकरा वाजता दार वाजलं. बाई आतल्या खोलीत गेल्या आणि आतून दार दाबून उभ्या राहिल्या. शेजाऱ्यांचा सिलिंडर घेऊन गॅसवाला आला होता. तो गेला असं सांगितलं तरी त्या बाहेर यायला तयार होईनात. दाराच्या फटीतून विचारत राहिल्या, "नक्की गॅसवालाच होता?" दुपारी जेवण दोघींनाही गेलं नाही. एजन्सीकडून उत्तर नाही, जपानकडून नाही. सहा वाजले. बाई माझा फोन माझ्यापुढे सरकवून गेल्या.

नितीनचा फोन लागेना. पाचव्यांदा लागला.

"काय गो ताई? मी बसमधी हाय."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "अगो, ते जपानवाल्यांचं उद्या नाय. पुढं ढकललंनी. आत्ताच मेसेज इला. तू कशाला केलेलास फोन?"

"असंच," मी म्हटलं. "जेवलास का?"

तीन आठवड्यांनी प्रश्न आले, तेव्हा त्यांत विभाग, पाळी, वय, तालुका यांतलं काहीच विचारलेलं नव्हतं. नितीनने सगळं खरं लिहिलं. त्याच्या मित्रांनीही लिहिलं असावं, कारण पुढे ड्रायर आठवडाभर बंद ठेवून दुरुस्त केला आणि जपानहून दोन माणसं येऊन पाहून गेली. बाईंच्या शेऱ्यानेच हे झालं का, ते मला ठाऊक नाही. बाईंना कुणी काही कळवलं नाही. पुण्याहून फक्त एका ओळीचा मेल आला, सध्या काम नाही. ते पुन्हा कधी आलं नाही.

धाडस केलं की माणसाची भीती जाते असं मी कुठेकुठे वाचलं होतं. बाईंच्या बाबतीत ते खोटं ठरलं. त्यांची भीती वाढली. दाराला दुसरी कडी बसवून घेतली. पोस्टमन आळीत शिरला तरी चेहरा पांढरा पडायचा. कोर्टाची नोटीस येईल, कुणीतरी येऊन विचारेल, हे त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "बाई, पस्तावताय का?"

त्यांनी नेहमीसारखा थोडा विचार केला, दोन शब्द शेजारी ठेवून बघावेत तसा. "घाबरतेय," म्हणाल्या. "पस्तावणं निराळं."

गेल्या वर्षी श्रावणात दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच त्या गेल्या. निरोप आला तेव्हा नितीन सुट्टीला घरी होता. त्याने मला मोटारसायकलवरून आणलं. त्याला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. बाईंनी शब्द घेतला होता. आळीतली चार म्हातारी माणसं जमली होती, पुण्याहून एक भाचा यायचा होता, त्याची गाडी घाटात अडकली होती. पाऊस थांबला होता आणि लोक घाई करत होते.

नितीन फाटकापाशी उभा राहून आत बघत होता. "कोण होत्या गो या?"

"जपानी शिकवायच्या मला."

"माणसं कमी हायत," तो म्हणाला. त्याने पायातल्या चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि खांदा द्यायला पुढे झाला.